बिनपाण्याचे फुटाणे

आमच्या नागपुरातल्या नंदनवन वस्तीत एक डॉक्टर होते, ते पेशंटला तपासायच्या आधी खायला घालत. काय, तर फुटाणे. टेबलावर स्टेथोस्कोपच्या शेजारी काचेची बरणी, तिच्यात सालासकट भाजलेले फुटाणे आणि एक पितळी चमचा. तुम्ही खुर्चीत टेकलात की नाव-गाव विचारायच्या आधी चमचाभर फुटाणे तुमच्या तळहातावर यायचे. "खा. मंग बोलू." ताप असो, कंबर धरलेली असो, नाहीतर नुसतं सुटीसाठी सर्टिफिकेट हवं असो. दात नसलेल्यांसाठी खालच्या खणात मुरमुरे होते. पाणी मात्र मागायचं नाही. मागे कोपऱ्यात माठ होता, माठावर पेला उपडा घातलेला होता, पण मागितलंच तर डॉक्टर त्या माठाकडे बघत बघत शांतपणे सांगायचे, "पाणी संपलं."

त्यांचं खरं नाव वस्तीनं केव्हाच पाटीवर सोडून दिलं होतं. सगळ्यांचे ते फुटाणेवाले डॉक्टर. कोणी म्हणे कंजूस आहेत, बिस्किटं परवडत नाहीत. कोणी म्हणे भट्टीवाल्याशी त्यांचं कमिशन ठरलेलं आहे. आमच्या गल्लीतले एक शिकलेले गृहस्थ तर प्रोटीनवर अर्धा तास बोलले. डॉक्टरांना स्वतःला मात्र कोणी विचारलं नाही. आमच्याकडे कारण विचारायची पद्धतच नाही. कारण आम्हाला आधीपासून माहीत असतं.

ते कारण म्हणजे ऊन. चक्कर आली, ऊन. जेवण जात नाही, ऊन. नवरा-बायकोचं पटत नाही, तेही ऊनच, कूलरच्या वाळ्याच्या ताट्या बदला. चार महिने अख्खं नागपूर पापडासारखं वाळत पडलेलं असतं, त्यामुळे कोरडेपणाची तक्रार घेऊन इथे कोणाकडे जाणं म्हणजे मासळीबाजारात जाऊन वास येतो म्हणण्यासारखं. माझं तोंड पहिल्यांदा सुकायला लागलं तेव्हा मे महिना होता. तिथेच माझं चुकलं. आजार पडायचाच होता, तर जरा महिना बघून पडायचं.

मी वाडीला एका ट्रान्सपोर्ट कंपनीत बुकिंगच्या टेबलावर बसते. दिवसभर ट्रक, धूळ आणि ड्रायव्हरांशी वाद. वाद घालायला तोंडात ओल लागते, हे मला ती गेल्यावर कळलं. बोलता बोलता जीभ टाळूला चिकटायची. डोळ्यांत रेती गेल्यासारखी खुपायची. टेबलाखाली पाण्याच्या तीन बाटल्या असायच्या आणि ड्रायव्हर लोक मला मागे बाटलीवाली मॅडम म्हणायचे, ज्याचे आणखीही अर्थ निघतात, पण ते सोडा.

डॉक्टरांकडे गेले नाही असं नाही. नागपुरातले बरेच जिने मी चढले. दिवाळीत सांगितलं गेलं, उन्हाळ्यातलं ऊन अंगात बसलं आहे. जानेवारीत सांगितलं, थंडीनं कोरडं पडतंच. पावसाळ्यात एकानं खिडकीबाहेर बघितलं आणि उकाडा म्हणून लिहून दिलं. वर्षभरात सहा दात किडले, तर दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चॉकलेट कमी करा. मला चॉकलेट आवडत नाही म्हटल्यावर चोरी पकडलेल्या शिक्षिकेसारख्या माझ्याकडे बघून हसल्या. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मोबाईल कमी बघायला सांगितलं. सांधे दुखत होते, त्याला कॅल्शियम. अंगात त्राण नव्हतं, त्याला वय. शेवटी एकानं "टेन्शन घेऊ नका" असं सांगून एक गोळी दिली, तिनं होतं तेवढंही तोंड सुकलं. आमचे हे बुटीबोरीला कापडाच्या कारखान्यात शिफ्टला जातात, स्वभाव अतिशय गरीब. ते प्रत्येक जिन्यावर माझ्याबरोबर चढले आणि प्रत्येक डॉक्टरला "बरोबर आहे साहेब" म्हणून उतरले.

आता मंदाताईंबद्दल सांगायला हवं. मंदाताई म्हणजे ह्यांच्या मोठ्या बहीण, माझ्या नणंदबाई. दोन गल्ल्या सोडून राहतात. रडण्यात त्यांचा हात धरणारं पूर्व नागपुरात कोणी नाही. अनोळखी मुलीची पाठवणी बघून त्या रडतात. मालिकेत सून घराबाहेर निघाली की रडतात, परत आली की जास्त रडतात. एकदा सिलिंडर वेळेवर आला म्हणून रडलेल्या मी पाहिल्या आहेत. अशा बाईच्या घरात मी दिली गेले, ही देवाची थट्टाच म्हणायची.

सासूबाई गेल्या तेव्हा हे सगळं उघड्यावर आलं. बावीस वर्षं आम्ही दोघींनी एका ओट्यावर स्वयंपाक केला. भांडलो म्हणजे मन लावून भांडलो. पण मला दिवस गेले तेव्हा माझी माय नव्हती, तर ह्याच बाईनं रात्र रात्र माझे पाय दाबले होते. त्या गेल्या तेव्हा माझा गळा आवळला, छातीत दुखायला लागलं, डोळे तिखट पडल्यासारखे जळायला लागले, आणि पाणी आलं नाही. एक थेंब नाही. मी डोळे चोळले, मिटले, उघडले. सगळ्या बायका बघत होत्या. आणि मंदाताई आईच्या पायाशी बसून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "पाहा वं बायांनो. बावीस वर्षं माझ्या मायच्या हातचं खाल्लं, आन् डोयात टिपूस नाही. दगड आहे दगड."

तेव्हापासून माझं नाव दगड पडलं. तेरवीला आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ती गोष्ट वाढण्यात आली, माझ्याच हातच्या जेवणाबरोबर. मी काय सांगणार होते? मला रडू येत होतं पण पाणी येत नव्हतं, हे कोणाला सांगायचं आणि त्यावर कोण विश्वास ठेवणार? तेरवीच्या दुसऱ्या दिवशी राहिलेल्या पाहुण्यांच्या भाजीसाठी मी मुद्दाम, सगळ्यांच्या समोर, दोन किलो कांदे चिरायला घेतले. निदान कांद्यानं तरी अब्रू राखावी. डोळे आगीसारखे झाले, पण कोरडेच. मंदाताई दारातून म्हणाल्या, "इच्यापुढं कांदाही हारला." तोंड सुकलं, दात गेले, ते सगळं मी सोसलं असतं. ही गोष्ट मात्र मला फार लागली. माझी सासू माझ्यासाठी कोण होती, ते एवढ्या सगळ्या लोकांनी माझ्या डोळ्यांवरून ठरवून टाकलं होतं.

चारेक महिन्यांनी ह्यांना ताप आला आणि मी त्यांना घेऊन फुटाणेवाल्या डॉक्टरांकडे गेले. इतके जिने चढले होते, पण गल्लीतल्या या दोन खोल्यांच्या दवाखान्यात मी कधी गेले नव्हते. जवळचा डॉक्टर हुशार कसा असेल, असं आपलं सरळ गणित असतं. डॉक्टरांनी ह्यांच्या हातावर फुटाणे ओतले, मग चमचा माझ्याकडे वळवला.

"मी पेशंट नाही डॉक्टर."

"पेशंट कोण आहे ते मी ठरवीन. खा."

हे अंगात एकशे दोन ताप असताना आज्ञाधारकपणे फुटाणे चावू लागले. मीही तोंडात टाकले. चावले तोवर ठीक होतं. मग त्याचं पीठ झालं आणि ते पीठ तोंडात जागच्या जागी बसून राहिलं. ना पुढे, ना मागे. मी पिशवीतल्या बाटलीला हात घातला तर डॉक्टरांनी टेबलावरून हात लांब करून बाटली धरली. "थांबा." मी थांबले. ते घड्याळाकडे न बघता माझ्या गळ्याकडे बघत होते. मग उठले, माठातून पेला भरून स्वतः माझ्या हातात दिला. संपलेलं पाणी चांगलं गार होतं. मी प्यायले, श्वास घेतला, तेव्हा त्यांनी विचारलं, "किती दिवसांपासून?"

एवढ्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. सगळ्यांनी मला सांगितलं होतं. मी म्हटलं, "चार वर्षं झाली." डॉक्टर ह्यांच्याकडे वळले. "तुमचा ताप व्हायरल आहे, तो कुठी जात नाही. तुमी बाकावर बसा गा जरा. खुर्ची बाईले द्या."

"बरोबर आहे साहेब," हे म्हणाले आणि पहिल्यांदाच बरोबर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी फाईल घेऊन गेले. डॉक्टरांनी ती हातात घेतली, उघडली नाही, सरळ लहान मुलांच्या वजनकाट्यावर ठेवली. "दोन किलो शंभर. बाळ तंदुरुस्त आहे." मग एकेक कागद वाचून काढला. बाहेर बाकावर लोक खोकत होते, त्यांना ते दारातून ओरडले, "आज टाइम लागन. मराले आले असान तं दुसरीकडं जा." वाचताना मध्येच एखादी चिठ्ठी उचलून नाकाशी धरायचे. "हे पाहा, यांनं बी ऊनच लिवलं. जानेवारीत. सूर्य याच्या घरीच भाड्यानं राहते वाटते."

प्रश्न विचारायची त्यांची तऱ्हा निराळी होती. कोरडी भाकर पाण्याशिवाय जाते का? रात्री पाण्याले उठता का? कानाखाली गाल सुजते का? सकाळी पापण्या उघडताना चिकटते का? मी हो हो म्हणत गेले. मग त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "रडता येते का?"

मी नाही म्हटलं. मग सगळं सांगितलं. मयत, दगड, दोन किलो कांदे. डॉक्टरांनी मध्ये एकदाही जिभेचा पट्टा चालवला नाही, आणि हे त्यांच्या बाबतीत दुर्मिळ होतं. माझं झाल्यावर म्हणाले, "नणंद कुठी राहते? उद्या घेऊन या. सांगा, डॉक्टर फुकटात डोये तपासून राहिले."

फुकट म्हटल्यावर मंदाताई माझ्याआधी येऊन बसल्या होत्या. फुटाणे खाऊन झाले, त्यांनी वर आणखी चमचाभर मागून घेतले. मग डॉक्टरांनी कागदाच्या बारीक पट्ट्या काढल्या. पट्टीचं टोक दुमडून खालच्या पापणीत अडकवायचं, डोळे मिटून पाच मिनिटं बसायचं, आणि आसवांनी कागद किती भिजला ते पट्टीवरच्या खुणांवर मोजायचं. एवढीच तपासणी. दोघींना शेजारी शेजारी बसवलं. मंदाताई कागद लागायच्या आधीच घाबरून रडायला लागल्या होत्या. दोन मिनिटांत त्यांची पट्टी शेवटच्या खुणेपर्यंत भिजली आणि खाली पदरावर टपकू लागली. माझी पाच मिनिटं पूर्ण झाली तेव्हा डॉक्टरांनी ती काढून खिडकीच्या उजेडात धरली. दोन मिलिमीटर. आमच्या नळाला मे महिन्यात याहून बरं पाणी येतं.

डॉक्टरांनी दोन्ही पट्ट्या टेबलावर मांडल्या. "मंदाबाई, या पट्टीले नातंगोतं समजत नाही. कोण सून आन् कोण लेक, हे तिले कोणी सांगतलं नाही. पाहा तुमीच."

मंदाताईंनी पाहिलं. बोटानं चाचपून पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "म्हणजे... मायच्या वक्ताले..."

"हाव. रडून राहिली होती ते. तुमाले दिसलं नाही."

मंदाताईंनी माझी माफी वगैरे मागितली असेल असं कोणाला वाटत असेल, तर त्यांनी मंदाताईंना पाहिलेलं नाही. त्या पदर सावरत उठल्या आणि "मोठा डॉक्टर, साधा चहा नाही पाजत," असं म्हणून चालत्या झाल्या. आठ दिवसांनी मात्र घरी आल्या आणि टेबलावर एक डबा आपटला. मीठ लावून वाळवलेला आवळा, तोंडाला पाणी सुटावं म्हणून. "पडून होता घरी," म्हणाल्या. डब्यावरचं आवळे आणल्याचं बिल काढायला त्या विसरल्या होत्या.

फुटाण्यानं निदान होत नाही, हे डॉक्टरांनी मला बजावून सांगितलं होतं. "फुटाण्यानं नुसता संशय येते. संशयावर गोया खाऊ नये." त्यांनी रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या, सांध्यांच्या मोठ्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली, आणि चिठ्ठीच्या खाली मराठीत लिहिलं, 'कृपया ऊन सोडून दुसरं काही असल्यास पाहावे.' तिथे खालच्या ओठाच्या आतून जवसाच्या दाण्याएवढा तुकडा काढला. तो तपासून आला आणि चार वर्षांनी माझ्या आजाराला नाव मिळालं. शोग्रेन. म्हणायला अवघड आहे, पण ऊन नाही.

म्हणजे काय, ते मोठ्या डॉक्टरांनी इंग्रजीत सांगितलं आणि ह्यांनी "बरोबर आहे" म्हटलं. कळलं ते मला नंदनवनात परत आल्यावर. "तुमच्या अंगातले चौकीदार भैताड झाले," फुटाणेवाले डॉक्टर म्हणाले. "चोर सोडून घरच्याच लोकाले कुटून राहिले. आसवं अन् तोंडातली लाय जिथं तयार होते, त्या गाठीवर त्यांचा राग."

"बरं होईल का?"

"नाही."

"मग?"

"मंग काय? डोयात थेंब टाका, गोया घ्या, दात जपा, दर तीन महिन्यांनी मले तोंड दाखवा. आता कोण मारून राहिलं ते तं माहीत झालं."

हा आजार कायमचा आहे, हे ऐकून मी त्या दिवशी इतक्या आनंदात घरी आले की ह्यांना माझ्या डोक्याची काळजी वाटली. पेढे तेवढे वाटायचे राहिले. ज्याला चार वर्षं नखरा म्हणत होते त्याला शिक्का-सहीचा कागद मिळाला, की कसं वाटतं ते ज्याचं त्यालाच कळतं. आणि हो, डॉक्टरांनी आवळा बंद केला. आंबटानं उरलेले दातही जातील म्हणाले. मी मंदाताईंना ते सांगितलं नाही. आठवड्यातून एक खाते आणि गुपचूप चूळ भरते.

पुढची सहा वर्षं मी दर तीन महिन्यांनी त्या खुर्चीत बसले. माणूस कडू होता, पण तो का कडू आहे ते हळूहळू दिसत गेलं. त्यांचे वडील गिरणीत कामाला होते. छप्पन सालच्या धम्मदीक्षेच्या दिवशी डॉक्टर सहा वर्षांचे, वडिलांच्या खांद्यावर. त्यांना आठवत होते फक्त पांढरे कपडे आणि वडिलांच्या डोक्याचा घाम. पण वडिलांचं एक वाक्य त्यांनी जन्मभर सांभाळलं, "कोणी सांगतलं म्हणून मानू नको. जाऊन पाह्य." विहारात हेच पालीत म्हणतात, आणि डॉक्टरांच्या मते म्हणणारे नंतर घरी जाऊन जे सांगितलं तेच मानतात. औषध कंपनीचा माणूस आला तरी त्याच्या हातावर आधी फुटाणे. टायवाली पोरं ते चावत चावत नव्या गोळीचं कौतुक करायची आणि डॉक्टर मध्येच विचारायचे, "तुमी घेऊन पाह्यली का?"

एकदा संध्याकाळी बाकावर कोणी नव्हतं. डॉक्टर नवी पुडी फोडून बरणी भरत होते. मी सहज विचारलं, "डॉक्टर, फुटाणेच काहून?" त्यांनी भिंतीकडे बघितलं. भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीखाली त्यांच्या पत्नीचा फोटो होता. ओठ घट्ट मिटून हसणारी बाई. मला वाटायचं, लाजाळू असेल.

"आमच्या कमलले फुटाणे लय आवडे," ते म्हणाले. "दवाखाना बंद झाला का मी पुडी आणो, दोघं पायरीवर बसून खाओ. एक दिवस म्हणे, नको, घशाखाली उतरत नाही. मी म्हटलं, ऊन आहे. मंग भाकर वरणात बुडवून खाले लागली. मी हासलो, म्हटलं म्हातारी झाली तू. दात गेले, म्हटलं वय आहे. आठ वर्षं, शीलाबाई. आठ वर्षं मी तिले ऊन सांगतलं. इथं खुर्चीत बसलो का डॉक्टर होतो, घरी नवरा होतो. नवऱ्याले कुठी बायको दिसते?"

पुडी रिकामी झाली होती, तरी ते ती बरणीवर झटकत राहिले.

"शेवटी बिमारीनं फुप्फुसं धरली. मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं एक पोट्टी होती, नवीनच डॉक्टर झालेली. तिनं कमलले विचारलं, आजी, किती दिवसांपासून तोंड सुकते? कमल म्हणे, आठ वर्षं. मी तिथीच उभा होतो."

मी टेबलावर सांडलेले चार फुटाणे वेचून बरणीत टाकले. डॉक्टरांनी झाकण लावलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "तं आता जो येईल त्यानं खाऊन दाखवाव. चारदोन बाया सापडल्या आतापर्यंत. लोक म्हणते कंजूस आहे. म्हणू द्या." निघताना मी दारात होते, तेव्हा मागून पुन्हा आवाज आला, "आन् मी मेलो तं रडाची खटपट करू नका. डोये खराब होतीन. पापण्यावर दोन थेंब टाकून या, लोकाचं समाधान होते."

मागच्या डिसेंबरात ते गेले. सकाळी चालायला निघाले, पायरीवर बसले, उठलेच नाहीत. वस्तीनं दुपारपर्यंत कारण शोधून काढलं. थंडी.

विहारात शोकसभा होती. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, समोर फोटो. त्यांच्या मुलीनं फोटोशेजारी ती बरणी आणून ठेवली होती. मी तिसऱ्या ओळीत बसले, मंदाताई माझ्या शेजारी. चार-पाच जण बोलले. डॉक्टर किती गोड बोलायचे, असंही एकानं सांगितलं, यावरून तो त्यांना कधी भेटला नव्हता हे सिद्ध झालं. मी मात्र बरणीकडे बघत होते. ज्या माणसानं माझं पहिल्यांदा खरं मानलं, तो माणूस आता नव्हता. गळा आवळला, छाती दुखू लागली, डोळे जळू लागले. सगळं सासूबाईंच्या वेळेसारखं, आणि तसंच कोरडं.

पर्समध्ये थेंबांची बाटली होती. मी ती हातात घेतली. दोन थेंब टाकले असते तर गालावरून ओघळ आले असते आणि सगळ्यांचं भागलं असतं. झाकणही उघडलं. मग वाटलं, त्या माणसासमोर, निदान त्याच्या फोटोसमोर तरी, खोटं दाखवायचं नाही. मी झाकण लावून बाटली परत पर्समध्ये टाकली.

तेवढ्यात मागच्या ओळीतून कुजबुज आली. "ही तर नेहमीची पेशंट त्यांची. सहा वर्षं येत होती. पाहा, एक टिपूस तरी आहे का?"

मी मान खाली घातली. पण मंदाताई गर्रकन मागे वळल्या. नाक लाल, पदर ओला, आवाज तोच, मयतीतला, सगळ्या सभेला ऐकू जाणारा. बोलणारे गृहस्थ माइकसमोर थांबले.

"तिच्या डोयात पाणी येत नाही वं! बिमारी आहे तिले. मी पट्टी पाह्यली आहे सोताच्या डोयानं. ती रडूनच राहिली आहे, तुमाले दिसत नाही तं गप बसा."

मग पुढे वळल्या, माझा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला, आणि जरा हळू आवाजात म्हणाल्या, "तू बस. तुझ्या वाटचं मी रडते."

आणि रडल्या.